मुखपृष्ठावरचं दार

नाडगीर सरांच्या आयुष्यात आज नावाचा दिवसच नव्हता. सगळं पुढं. पुढची दिशा, पुढचा टप्पा, पुढची पिढी, पुढच्या बैठकीत बघू. समोर पोरगं हुंदके देत बसलेलं असलं तरी सर त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत, आणि तिथं त्यांना दहा वर्षांनंतरचं धोरण दिसत असे. बालन्याय हा त्यांचा विषय. 'बालगुन्हेगार' म्हटलेलं त्यांना चालत नसे. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं. मी पहिल्या दिवशी चुकले, तर त्यांनी तीन वेळा माझ्याकडून म्हणवून घेतलं, पाढा म्हणवून घेतात तसं. शब्द बरोबर आला की त्यांच्या लेखी अर्धा न्याय झालेला असे. उरलेला अर्धा अहवालात.

मी पत्रकं लिहिणारी. पत्रकात माणूस येत नाही, मागण्या येतात. सरांवरही पत्रकच काढायचं म्हणून बसले होते. तीन मागण्या लिहून झाल्या आणि लक्षात आलं, हा माणूस मागण्यांत मावत नाही. त्याला आहे तसा उभा केला पाहिजे, म्हणजे लोकांना चारी बाजूंनी बघता येईल.

उंच, सडसडीत. खादीचा कुर्ता, पण इस्त्री अशी की बाहीच्या कडेनं भाजी चिरावी. खिशात कायम टोक केलेली पेन्सिल. पेनानं ते कधी लिहीत नसत. "संशोधनात खोडता आलं पाहिजे," म्हणत. आवाज मऊ. मुलांवर त्यांनी आवाज चढवलेला मी एकदाही ऐकला नाही, हे मला मान्य करावंच लागेल. पण ऐकूनही घेतलेलं बघितलं नाही. चहा स्वतःचा आणत, पिशवीतला. कुणाच्या घरी गेले तर नुसतं गरम पाणी मागायचे आणि त्यात आपली पिशवी बुडवायचे. आमच्याकडे आले तेव्हा माझ्या आईनं आलं घालून चहा टाकला होता, तो तसाच गार झाला. सर गेल्यावर आई म्हणाली, "पान्यावर आलता व्हय गं हा मानूस?"

मुळशीच्या धरणाच्या पाण्याकाठी त्यांचा बंगला. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, समोर पाणी, पाण्यापलीकडं डोंगर. तिथं दर दोन महिन्यांनी 'चिंतन बैठक' भरत असे. पुण्याहून गाड्या यायच्या. पौड रोडवरच्या आमच्या लहानशा संस्थेचे सर मार्गदर्शक, म्हणून मी खुर्च्या मांडायला आणि टिपणं घ्यायला. एकदा एका बैठकीला निरीक्षणगृहात, म्हणजे केस चालू असताना अशा मुलांना ठेवतात तिथं, राहून बाहेर पडलेला एक तरुण बोलावला होता. आता रिक्षा चालवतो. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मला पयल्या रात्री कुणी जेवलास का म्हणून विचारलं नव्हतं..." सरांनी हात वर केला. "अनुभव नंतर घेऊ. आधी चौकट मांडू." चौकट मांडता मांडता जेवणाची वेळ झाली. जेवणानंतर रिक्षावाल्याला भाडं होतं. तो गेला. टिपणांत मी लिहिलं, 'लाभार्थीचा सहभाग: होता.' हो, मीच लिहिलं. त्या कागदांवर माझं अक्षर पुष्कळ आहे.

सरांचा लाडका शोध म्हणजे जोखीम गुणांक. मुलाला वीसेक प्रश्न विचारायचे, घराची माहिती भरायची, आणि खाली आकडा यायचा. आकडा मोठा, म्हणजे हे पोरगं पुन्हा गुन्हा करणार. सर म्हणत, "उद्याची बाल न्याय मंडळं ह्याच्यावर चालतील. भावना बाहेर ठेवायच्या, शीतल. भावनेनं धोरण होत नाही."

भिवाला मी ह्या वीस प्रश्नांमुळे भेटले.

भिवा सोळा वर्षांचा. मुळशीतल्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला, घरी मेंढरं. पावसाळ्यात आमच्याकडं इतका पाऊस कोसळतो की मेंढरू तग धरत नाही. म्हणून ही माणसं आषाढाच्या आधी कळप घेऊन पूर्वेला, कोरड्या मुलखात जातात आणि दिवाळीनंतर परततात. ह्या वर्षी भिवा गेला नाही. पिरंगुटला एका गोदामात माल उचलायला राहिला. तिथं दोन मोठ्या पोरांनी बंद पडलेल्या कारखान्यातली तांब्याची वायर काढली आणि भिवानं ती वाहून नेली. हे त्यानं स्वतःच सांगितलं, न विचारता. तिघं सापडले. ती दोन मोठी पोरं सज्ञान, त्यांच्यासाठी कडक कायदा. आठवड्यात त्यांची माणसं वकील घेऊन आली आणि पोरांना घेऊन गेली. भिवासाठी मायेचा कायदा. बाल न्याय मंडळानं पहिल्याच तारखेला सांगितलं होतं, ह्याला घरी पाठवा, आईबाप येऊन घेऊन जाऊ देत. आईबाप आले नाहीत. येणार कसे, त्यांना माहीतच नव्हतं. पोलिसांनी गावात निरोप ठेवला आणि वाडी गावापासून डोंगरभर वर. भिवाचा मोबाईल पोलिसांच्या पाकिटात सीलबंद, आणि नंबर त्या मोबाईलमध्ये. आपल्यापैकी किती जणांना आपल्या बापाचा नंबर तोंडपाठ आहे?

घर बघून अहवाल देणं हे परिवीक्षा अधिकाऱ्याचं काम. आमच्या भागाच्या अधिकारी मॅडमकडं एवढी गावं की त्यांचा अर्धा जन्म एसटीत जातो. त्यांनी ही गृहभेट आमच्या संस्थेकडं दिली. सरांना आनंद झाला. म्हणाले, "गुणांकासाठी उत्तम नमुना आहे."

निरीक्षणगृहातल्या एका टेबलाशी आम्ही बसलो. सर, मी, समोर भिवा. काळा, काटक, हात मांडीखाली दाबून बसलेला.

"प्रश्न नऊ," सर म्हणाले. "भविष्याबद्दल तुला किती आशा वाटते? एक ते पाच. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे खूप."

भिवानं विचार केला. खरंच केला, त्याच्या कपाळावर दिसत होतं.

"पाच म्हनलं की सोडत्यात का?"

मला हसू आलं. सरांना आलं नाही. "तसं काही नसतं. तुला वाटतं ते सांग."

"मंग तीन घाला. मधलं."

"नोंद घे, शीतल. आशा मध्यम. प्रश्न दहा. घरची आठवण येते का?"

"येती की." तो पुढं सरकला. "सर, तुमी आमच्या घरला जानार हाय न्हवं? मंग आमचं दार बघा. दारावर..."

"ते नंतर. आधी हा प्रश्न पूर्ण करू. आठवण कधीकधी येते, वारंवार, की सतत?"

भिवानं माझ्याकडं बघितलं. मी कागदाकडं बघितलं. त्याचे हात पुन्हा मांडीखाली गेले. "सतत," तो म्हणाला.

सरांनी समासात पेन्सिलीनं स्वतः टीप लिहिली. मी ती नंतर वाचली. 'घराशी भावनिक बंध. दाराचा उल्लेख प्रतीकात्मक.'

बाहेर पडताना तिथले म्हातारे स्वयंपाकी दाराशी तांदूळ निवडत होते. सर गाडीत बसल्यावर ते मला हळूच म्हणाले, "ह्यो मानूस आधी असा न्हवता बरं का. तरना हुता तवा ह्याच्याकडं स्कूटर हुती. कुना पोराचं घर सापडंना तर पोराला मागं बसवायचा आन् हुडकत जायाचा. एकदा दोन दिस हुडकलं, पर घरी पोचवलं."

"मग काय झालं?" मी विचारलं.

"काय म्हाईत. मोटं झालं."

ही गोष्ट मी सरांच्या बाजूनं म्हणून सांगत नाही. उलट आहे. ज्याला कधी कळलंच नाही त्याची कीव करता येते. ह्यांना कळलेलं होतं. ह्यांनी स्कूटर विकली आणि स्कूटरवर शोधनिबंध लिहिला.

भिवाच्या घरी आम्ही भाद्रपदात गेलो. रस्ता संपतो तिथं गाडी ठेवली. सरांचे बूट पांढरे, वाट लाल चिखलाची. दर दहा पावलांनी सर थांबत आणि पाठीमागचं धरणाचं पाणी बघून म्हणत, "काय लोकेशन आहे!" वाडी म्हणजे चारपाच घरं. दगडी भिंती, वर पत्रे. भिवाचं घर शेवटचं. पत्र्याचं दार, आणि दारावर आडवी-उभी लावलेली बोराटी, बोरीची काटेरी फांदी.

थोड्या खाली एक म्हातारी शेरडं राखत होती. मी हाक मारली, "आजी, ही माणसं कुठायत?"

"गेल्यात की. मेंढरं घिऊन. काटी लावलीया, दिसना व्हय?"

"काय म्हणतात त्या?" सरांनी विचारलं.

"गेलेत म्हणतात."

"म्हणजे नाहीत?"

"नाहीत, पण..."

"फोटो घे. लोकेशन येईल असा घे."

मी घेतला. दार, बोराटी, दारावर लाल रंगात काहीतरी आकडे. ते आकडे मी वाचले नाहीत. आता हे मुळशीबाहेरच्या माणसाला समजावून सांगायला पाहिजे. आमच्याकडं मोकळी भिंत शिल्लक नाही. खडकांवर, पुलांच्या कठड्यांवर, स्मशानाच्या शेडवर, आंब्याच्या खोडांवर, सगळीकडं प्लॉटवाल्यांचे मोबाईल नंबर. 'डोंगर-व्ह्यू', 'लेक-टच', खाली दहा आकडे. लहानपणापासून ते बघून बघून आमची नजर आकड्यांवरून घसरायला शिकली आहे. माझ्या चुलत्यांनी तर आमच्याच गोठ्याची भिंत एका प्लॉटवाल्याला दिली आहे. मला वाटलं, आला प्लॉटवाला इथंपर्यंतसुद्धा. मनातल्या मनात शिवी घातली आणि फोन खिशात टाकला.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "सर, ह्या माणसांची रीतच आहे. काटी लावली म्हणजे घर सोडलं असं नाही. काटी लावली म्हणजे परत येणार. सोडून जाणारा माणूस दार कशाला राखेल?"

"कधी येणार?"

"दिवाळीनंतर."

"लेखी काही आहे?"

"सर, मेंढरांचं लेखी काय असणार?"

"म्हणजे आज नाहीत." सर शांतपणे म्हणाले. आज हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढाच एकदा ऐकला.

अहवाल गेला. पालक अनुपलब्ध. निवासस्थान परित्यक्त. कौटुंबिक स्थलांतर होय. जोखीम उच्च. म्हणजे बघा, पोरानं वायर वाहिली त्याचे गुण थोडे, आणि बापानं मेंढरं जगवली त्याचे जास्त. खाली क्षेत्र सहायक म्हणून माझी सही. मी भांडले, मग सही केली. भांडले ह्याला काही अर्थ नाही, सही केली ह्याला आहे.

मंडळापुढं आता कागद स्पष्ट होता, मुलाला कुणी नाही. सहा आठवड्यांनी, दिवाळीच्या आधी, पुढची तारीख होती. त्या तारखेला भिवाला लांबच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेत पाठवायचं ठरत होतं, अठरा पुरी होईपर्यंत. दिवाळीनंतर बाप आला असता आणि पोरगं कुठल्या गावी गेलं हे विचारत कचेऱ्या हिंडला असता. मी सरांना म्हटलं, पुन्हा वर जाऊ या, कुणाकडं तरी नंबर असेल. "एका केससाठी पुन्हा फील्ड नाही," सर म्हणाले. मी एकटी गावात गेले, दोनदा. पोलीस पाटील म्हणाले, "आमच्याकडं कशाला आसंल? त्यांचं त्यांच्याकडं." वाडीपर्यंत मी गेले नाही. दार तर बघून झालं होतं ना. सगळा वेळ फोटो माझ्याच फोनमध्ये होता. मी तो एकदाही मोठा करून बघितला नाही.

तारखेला पाच दिवस उरले असताना सरांच्या अहवालाचं प्रकाशन झालं. 'बालन्याय: पुढील दिशा'. पुण्यातलं थंडगार सभागृह, गुळगुळीत कागद, प्रत्येक खुर्चीवर एक प्रत. आणि मुखपृष्ठावर भिवाच्या घराचं दार. माझाच फोटो, पानभर मोठा. खाली बारीक अक्षरात 'परित्यक्त बालपण'.

सर बोलत होते. पुढच्या दशकाबद्दल. मी मांडीवरच्या दाराकडं बघत बसले, कारण सरांकडं बघवत नव्हतं. दार आता एवढं मोठं होतं की काटा न् काटा मोजावा. बोराटीच्या पानांआडून लाल आकडे. मेंढरांच्या पाठीवर खुणेला लावतात तो लाल रंग. आणि आकड्यांखाली प्लॉटचं नाव नव्हतं. ओबडधोबड अक्षरात लिहिलं होतं, 'मेंढरं बसवायची असल्यास फोन करा'.

शेतात रात्री मेंढरं बसवली की लेंडीखत पडतं. त्यासाठी शेतकरी ह्यांना बोलावतात. म्हणून जाताना दारावर नंबर. दार बघा, दारावर... पोरगं सांगत होतं. प्रश्न दहा पूर्ण करायचा होता आम्हाला.

मी बाहेर जिन्यात आले आणि नंबर लावला.

"कोन?" मागं मेंढरांचा कालवा.

"भिवाचे वडील का?"

"व्हय. मेंढरं बसवायची हायेत का? औंदा जमनार न्हाई बगा, दिवाळीपातूर समदं ठरलंय."

मी सांगितलं.

"त्यो तर पिरंगुटला कामाला हाय," तो म्हणाला. "फोन लागंना, म्हनलं रेंज नसंल."

"तो निरीक्षणगृहात आहे, मामा. तीन महिने होतील. त्यानं..."

"काय केलं त्ये त्याला इचारीन मी. कुटं यायचं त्येवढं सांगा."

मी सांगितलं, दोनदा सांगितलं, मग आत गेले. भाषण संपलं होतं. सरांभोवती माणसं, हातात त्यांचा पिशवीचा चहा. मी प्रत पुढं धरली आणि नंबरावर बोट ठेवलं. "सर, हा भिवाच्या वडिलांचा नंबर. आत्ता बोलले मी. ते येतायत."

सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बघितलं. "अरेच्चा!" मला क्षणभर वाटलं, स्कूटर सुरू झाली. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि नंबराभोवती व्यवस्थित गोल काढला.

"हे फार गंभीर आहे. गोपनीयतेचा भंग झाला हा. पुढच्या आवृत्तीत पुसून घ्यायला सांगतो. बरं झालं लक्षात आणून दिलंस."

"सर, त्याचा बाप सापडलाय."

"छान, छान. पण एका केसवरून निष्कर्ष बदलत नसतात, शीतल."

मी त्यांची नोकरी तिथंच सोडली, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. मी प्रती आवरल्या, उरलेल्या खोक्यात भरल्या, आणि दुसऱ्या दिवशी सोडली.

तारखेला बाप आला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डापासून मेंढरांच्या लसीच्या कागदापर्यंत सगळं. कुठला कागद लागेल माहीत नव्हतं म्हणून सगळेच आणलेले. मंडळाच्या मॅडमनी भिवाला विचारलं, "हे कोण?"

"बा," भिवा म्हणाला.

"इतके दिवस का आला नाहीत?" मॅडमनी बापाला विचारलं.

"कुनी बोलावलंच न्हाई, बाई."

आमच्या अहवालाचा ह्याहून सरळ सारांश मला लिहिता आला नसता. मॅडमनी तो कागद बाजूला सरकवला आणि भिवाला घरी जाऊ दिलं. केस चालू राहील, तारखेला बापासोबत हजर राहायचं. बाहेर बाकावर बापानं आधी त्याचे कान बघितले, मान बघितली, हात उलटे करून बघितले, कळपातलं जनावर तपासावं तसं, मग पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि मग पिशवीतली भाकरी काढली.

खाता खाता भिवानं मला विचारलं, "ताई, त्या सरांनी दार बघितलं का?"

"बघितलं."

"मंग?"

काय सांगणार? छापलं, म्हणून सांगू?

सरांना मी शेवटचं बघितलं ते दिवाळीनंतर, पौडच्या अलीकडं. मी स्कूटीवर होते. पुढं गाड्या खोळंबलेल्या, कारण सगळ्या रस्त्यानं मेंढरं. कळप परतत होता. घोड्यांवर बिऱ्हाड, खुराड्यात कोंबड्या, बाया पायी. रांगेत तिसरी गाडी सरांची. बंगल्यावर बैठक असणार, मागच्या सीटवर नव्या आवृत्तीची खोकी होती. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला.

मेंढरांच्या मागून काठी घेऊन भिवा आला. दोन कोकरं गाडीच्या पुढ्यात घुटमळत होती. त्यानं बॉनेटवर हात ठेवला, जसा आडमुठ्या बैलाच्या वशिंडावर ठेवतात. "थांबा जरा. बारकी हायेत."

सरांनी काच खाली केली. त्याच्याकडं सरळ बघितलं. चाळीस मिनिटं समोर बसवून वीस प्रश्न विचारलेलं पोरगं हातभर अंतरावर उभं होतं. "आवर रे लवकर," सर मऊ आवाजात म्हणाले. "पुढं कार्यक्रम आहे."

भिवानं त्यांना ओळखलं. मी त्याचा चेहरा बघत होते. त्यानं काठी काखेत धरली. कोकरं एकेक करून बाजूला काढली, घाई न करता, मग मान वळवून मला हाक मारली, "ताई, आज काटी काढायची हाय. च्याला येतासा का?"

"येते," मी म्हटलं.

सरांनी काच वर केली. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दाबला. मेंढरांवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही.